गाडीने पुढची गाडी कमवावी

आपल्या समाजातील छोटा व्यापारी आणि कारागीर आज मोटारसायकलवर उभा आहे, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही. बांगड्यांची पेटी बांधून आठवडी बाजार करणारा मणियार, पहाटे मार्केट यार्डातून फळांचे क्रेट आणणारा बागवान, पानांच्या टोपल्या पोहोचविणारा तांबोळी, गादी-रजईच्या कामासाठी गावोगाव फिरणारा पिंजारी, हत्यारांची पिशवी हँडलला अडकवून कामावर निघणारा वेल्डर, प्लंबर आणि रंगारी, या सर्वांची रोजी दोन चाकांवर फिरते. गाडी दोन दिवस बंद पडली की दोन दिवसांची कमाई बंद, इतका हा सरळ हिशेब आहे.

आपल्या वडिलांच्या पिढीने हेच धंदे सायकलवर केले. पुढे १९७२ साली लुना आली. नंतर एम-८० आली आणि दूधवाल्यापासून फेरीवाल्यापर्यंत अनेकांचे पाय वाचले. स्कूटर त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर मिळत असे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० बाजारात आली आणि पेट्रोलमध्ये ऑइल न मिसळता चालणारी, कमी पेट्रोल पिणारी चार-स्ट्रोक मोटारसायकल सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. तेव्हापासून आजतागायत १०० ते १२५ सीसीची गाडी हेच छोट्या धंदेवाल्याचे खरे वाहन राहिले आहे.

गाडी बदलली, तरी एक सवय मात्र बदलली नाही. शिलाई मशीन घेताना शिंपी दहा ठिकाणी चौकशी करतो, दिवसाला किती नग निघतील ते पाहतो, सुईचा खर्चसुद्धा लिहून ठेवतो. तोच शिंपी मोटारसायकल घेताना फक्त दोन प्रश्न विचारतो : डाउन पेमेंट किती आणि हप्ता किती? त्यानंतर गाडीचा हिशेब कोणत्याही वहीत दिसत नाही. पेट्रोल खिशातून, पंक्चर खिशातून, विमा घरखर्चातून आणि मोठी दुरुस्ती मालाच्या भांडवलातून! या सवयीमुळे किती भांडवल नकळत निसटते, याकडे व्यापारी बांधवांचे लक्ष वेधण्यासाठी हा लेख आहे.

एक पाहिलेले उदाहरण

माझ्या परिचयातील एक बांगडीवाले बांधव आहेत. मराठवाड्यातील पाच आठवडी बाजार ते करीत. त्यांची जुनी १०० सीसीची गाडी व्यवस्थित चालत होती. घरात लग्नकार्य निघाले, मुलांनी आग्रह धरला आणि त्यांनी जुनी गाडी देऊन १६० सीसीची नवी गाडी हप्त्यावर उचलली. गाडी दिसायला देखणी होती, त्यात वाद नाही. पण तिची मागची सीट अरुंद, चढत गेलेली. त्यावर पेटी नीट बसेना. जाडजूड मागच्या टायरची किंमत ऐकून ते चकित झाले. पेट्रोल वाढले. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला.

पूर्वी रमजानच्या आधी ते रोख पैसे देऊन फिरोजाबादचा माल उचलत आणि त्यामुळे त्यांना भाव बरा मिळे. त्या वर्षी रोख उरली नाही. माल उधारीवर, चढ्या भावाने घ्यावा लागला. ईदचा बाजार चांगला झाला, गिऱ्हाईक तेवढेच होते, पण हातात नफा राहिला नाही. ते मला म्हणाले, "भाई, गल्ला भरला तेवढाच, मग पैसा गेला कुठे?" पैसा गाडीत गेला होता. तो वहीत लिहिलेला नव्हता म्हणून त्यांना दिसला नाही, एवढेच.

दिसणारे ८४ आणि न दिसणारे ८०

आता आपण एका साध्या गाडीचा हिशेब मांडून पाहू. समजा, आपण रोज ४० किलोमीटर फिरता आणि वर्षातून ३०० दिवस काम करता. म्हणजे वर्षाला १२ हजार किलोमीटर झाले. गाडी लिटरला ५० किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे असे धरू. एका किलोमीटरला पेट्रोल लागले २ रुपये १० पैशांचे, आणि दिवसाला ८४ रुपयांचे.

बहुतेकजण इथेच थांबतात. "फेरीला ८४ रुपये खर्च आला," असे म्हणतात आणि त्यावरून भाव ठरवितात. पण ४० किलोमीटर धावताना टायर झिजले, चेन झिजली, ऑइल जुने झाले, विम्याचा एक दिवस संपला आणि गाडीची किंमतही उतरली. हा खर्च आज मागत नाही, पण एक दिवस एकदम मागतो. व्यापाराच्या भाषेत याला घसारा म्हणतात. यंत्रावर चालणारा प्रत्येक कारखाना घसारा धरतो. आपण धरत नाही.

समजा, नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९० हजारांना पडली. पाच वर्षांत ती ६० हजार किलोमीटर चालली आणि शेवटी २० हजारांना विकली गेली. म्हणजे ७० हजार रुपये ६० हजार किलोमीटरमध्ये झिजले. किलोमीटरला एक रुपया सतरा पैसे झाले. त्यात सर्व्हिसिंग, टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक आणि विमा यांचे ऐंशी-पंच्याऐंशी पैसे मिळवा. गोळाबेरीज दोन रुपये होते. ४० किलोमीटरला ८० रुपये.

म्हणजे दिवसाचा खरा खर्च १६४ रुपये आहे. त्यातील ८४ दिसतात, ८० दिसत नाहीत. जो कारागीर २० किलोमीटरवरच्या गावाला शंभर रुपये "गाडीखर्च" घेऊन जाऊन येतो, त्याला वाटते की सोळा रुपये सुटले. प्रत्यक्षात त्याने पदरचे ६४ रुपये घातलेले असतात.

दोन रुपयांचा डबा

यावर उपाय फार सोपा आहे आणि त्यासाठी कोणत्याही अकाउंटंटची गरज नाही. रोज संध्याकाळी मीटर पाहावा. जेवढे किलोमीटर झाले तेवढे गुणिले दोन रुपये गल्ल्यातून काढून वेगळ्या डब्यात टाकावेत. महिनाअखेरीस डब्यातील रक्कम वेगळ्या खात्यात भरावी. गाडीची सर्व्हिस, टायर, विमा हे सर्व याच डब्यातून करावे. पेट्रोल सोडून दुसरा कोणताही गाडीखर्च गल्ल्यातून करू नये, आणि दुसऱ्या कोणत्याही कामासाठी डब्याला हात लावू नये.

वर्षाला १२ हजार किलोमीटर म्हणजे २४ हजार रुपये जमा होतात. देखभाल आणि विम्यावर वर्षाला आठ-दहा हजार गेले तरी चौदा ते सोळा हजार शिल्लक राहतात. पाच वर्षांत हे सत्तर ते ऐंशी हजार होतात. त्यात जुन्या गाडीचे आलेले वीस हजार मिळवले की नव्या गाडीची किंमत उभी राहते, तीही कोणाकडे हात न पसरता. भाव वाढलेले असतील तर थोडी भर घालावी लागेल. पण ती भर काही हजारांची असेल, लाखाची नव्हे. गाडीने आपली पुढची गाडी स्वतः कमवावी, असे माझे म्हणणे आहे ते या अर्थाने.

कोणी म्हणेल, "रोज ८० रुपये बाजूला काढण्याइतकी कमाईच नाही." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ज्या फेरीत ८० रुपये बाजूला निघत नाहीत, ती फेरी नफ्याची नाही. आपण गाडी थोडी थोडी विकून घर चालवीत आहोत. अशा वेळी दूरचा एखादा बाजार सोडावा, दोन फेऱ्यांचे काम एका फेरीत करावे, शेजारच्या दुकानदाराबरोबर माल एकत्र आणावा किंवा गिऱ्हाईकाला गाडीखर्च स्पष्ट सांगून घ्यावा. हिशेब मांडला तर हे निर्णय आज घेता येतात. नाही मांडला तर इंजिन बसल्यावर घ्यावे लागतात.

हप्त्यामागचा आकडा

आता हप्त्याविषयी. शोरूममध्ये सांगितले जाते, "फक्त दहा टक्के व्याज." समजा ८० हजारांचे कर्ज तीन वर्षांसाठी घेतले आणि दहा टक्के हा सरळ, म्हणजे फ्लॅट दर आहे. वर्षाचे आठ हजार याप्रमाणे तीन वर्षांचे व्याज २४ हजार. एकूण १ लाख ४ हजार, ३६ हप्त्यांत, दरमहा सुमारे २,८८९ रुपये. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो. शेवटच्या वर्षी आपल्याकडे ८० हजारांपैकी थोडीच रक्कम उरलेली असते, तरी व्याज पूर्ण ८० हजारांवरच आकारले जाते. घटत्या मुद्दलावर मोजले तर हाच दर वर्षाला सुमारे १८ टक्के पडतो. म्हणून दर विचारताना "फ्लॅट की घटत्या शिल्लकीवर?" हा प्रश्न अवश्य विचारावा आणि शिवाय फाइल चार्ज किती, हेही लेखी घ्यावे.

आपल्यापैकी बहुसंख्य बांधवांना व्याजाचा व्यवहार मुळातच नको असतो. केवळ नाइलाज म्हणून ते सही करतात. त्यांनी हे २४ हजार नीट पाहावेत. ही रक्कम म्हणजे दोन रुपयांच्या डब्यातील एक संपूर्ण वर्ष आहे. ज्याने पाच वर्षे डबा सांभाळला, त्याच्यावर हा नाइलाज येत नाही.

पहिली गाडी घेणाऱ्याकडे डबा नसतो, हे मान्य. त्याने काय करावे? पहिला मार्ग, चांगल्या स्थितीतील जुनी गाडी रोखीने घेणे. दुसरा मार्ग, ओळखीच्या दहा-बारा माणसांची साधी भिशी. सर्वांनी सारखी रक्कम भरावयाची आणि चिठ्ठी निघेल त्याला पूर्ण रक्कम द्यावयाची. बोली लावून कमी रकमेत उचलण्याची भिशी मात्र नको, कारण तिथे सोडलेली रक्कम म्हणजे वेगळ्या नावाचे व्याजच होय. ज्या गावी बिनव्याजी पतसंस्था चांगली चालते, तिथे तीही एक वाट आहे. नवीच गाडी घ्यावयाची असेल त्यांनी हेही लक्षात घ्यावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. वाचलेली ही रक्कम डब्यात जावी. मोठी गाडी घेण्याचे निमित्त तिने होऊ नये.

कोणती गाडी घ्यावी?

गाडी कोणत्या कंपनीची, यापेक्षा ती कोणत्या कामाची, हे आधी ठरवावे. रोजचे अंतर किती, रस्ता कसा, माल किती वजनाचा आणि आपल्या गावात सुट्या भागांचे दुकान कोणत्या गाडीचे आहे, ही चार उत्तरे कागदावर लिहून मगच शोरूममध्ये जावे.

साध्या रस्त्यावर एकटा माणूस आणि हलका माल असेल तर १०० किंवा ११० सीसी पुरते. घाट, चढ किंवा रोज मागे माणूस असेल तर १२५ सीसी बरी, कारण लहान इंजिन सतत ताणून चालविले तर अॅव्हरेजही जाते आणि आयुष्यही. कमी अंतरावर, हळू वेगाने आणि जड माल वाहावयाचा असेल तर सपाट जागा असलेली मोपेड आजही मोटारसायकलपेक्षा सोयीची ठरते. लांब, सलग, सपाट सीट आणि मजबूत कॅरियर बसण्याची सोय, ही देखण्या टाकीपेक्षा धंद्याला अधिक उपयोगाची आहे.

वजनाबाबत आपण फार बेफिकीर असतो. या वर्गातील गाड्यांची भारक्षमता चालविणाऱ्यासह साधारणपणे दीडशे किलोच्या आतच असते; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ७० किलोचा माणूस बसला की मालासाठी किती उरले, याचा विचार करावा. जास्त ओझ्याने मागचे शॉकअप बसतात, स्पोक तुटतात, टायर फुटतो आणि ब्रेक लागत नाही. माल शक्य तितका खाली आणि पुढे, दोन्ही बाजूंना सारखा बांधावा.

मोठ्या गाडीचा हिशेबही करून पाहू. लिटरला ३५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला ६० हजार किलोमीटरसाठी सुमारे १,७१४ लिटर पेट्रोल लागेल; ५० देणारीला १,२०० लिटर. १०५ रुपये दराने फरक ५४ हजारांचा. खरेदीच्या किमतीतील पन्नास-साठ हजारांचा फरक त्यात धरला तर पाच वर्षांत गोष्ट लाखाच्या घरात जाते. ज्याला परवडते त्याने जरूर हौस करावी. हौस करणे हा गुन्हा नाही. पण ती हौस दुकानाच्या खात्यावर लिहू नये.

विजेवरच्या गाडीलाही हाच न्याय लावावा. तिचा रोजचा खर्च कमी आहे, पण तिची मोठी किंमत बॅटरीत असते. बॅटरीची हमी किती वर्षांची आणि किती किलोमीटरची, घरी चार्जिंगची सोय आहे का, आणि दुरुस्ती आपल्या तालुक्यात होते का, हे पाहून किलोमीटरचा दर काढावा. दर कमी आला तर घ्यावी.

जुनी गाडी घेताना

जुनी गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच सुरू करून ठेवली असेल तर समजावे की थंडीत सुरू होण्यास ती त्रास देते. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खात आहे. इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा करावा. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर अपघातात चासी किंवा फोर्क वाकला असण्याचा संभव आहे. मीटरवर विश्वास ठेवू नये. पायाचे रबर, सीट, ब्रेक पेडल यांची झीज खरे वय सांगते. आणखी एक गोष्ट : पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाडीत त्यामुळे अॅव्हरेज थोडे उतरते आणि पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब होऊ शकतात. ते बदलणे स्वस्त आहे, पण वेळेवर बदलावे.

गाडीपेक्षाही कागद महत्त्वाचे आहेत. आरसीवरील चासी व इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी जुळवावेत. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दंडाची चलने बाकी आहेत का, ते ऑनलाइन पाहावे. नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरावा.

आपल्याकडे गाडी तोंडी व्यवहारावर, कोऱ्या सह्यांवर हातोहात फिरते. "नाव नंतर करून घेऊ," असे म्हणून वर्षे जातात. विकणाऱ्याला वाटते की आपण सुटलो. तसे नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केले की गाडी कितीही हातांत फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून, आरटीओत नाव बदलेपर्यंत व्यवहार पूर्ण झाला असे समजू नये. आरसीच्या नोंदीत नवे नाव पाहूनच विकणाऱ्याने निश्चिंत व्हावे. ओळखीत, नात्यात विकली तरी हाच नियम पाळावा. नाते टिकते ते अशानेच.

निगा : आठवड्याची दहा मिनिटे

गाडीचे आयुष्य ठरते ते मालकाच्या आठवड्यातील दहा मिनिटांवर. सुटीच्या दिवशी सकाळी पुढील कामे करावीत.

पहिले ऑइल. बहुतेक १०० सीसी गाड्यांत ऑइल एक लिटरच्या आसपासच असते. त्यातील तीन-चारशे मिली कमी झाले तरी इंजिनावर संकट येते. ही चूक माझ्याही हातून झाली आहे. ऐन सीझनमध्ये "या महिन्यात वेळ नाही" म्हणत ऑइल पाहिले नाही आणि एका दुपारी, गावापासून बारा किलोमीटरवर, मालासकट गाडी जाम झाली. इंजिनकामाचे पैसे गेलेच, पण त्यापेक्षा जास्त सहा दिवसांचा बाजार गेला. पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला ऑइल बदलावे. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर यांना एकच ऑइल लागते. म्हणून कारचे ऑइल घालू नये, त्याने क्लच घसरू शकतो. डब्यावर "जेएएसओ एमए" किंवा "एमए२" अशी खूण असते, ती पाहावी.

दुसरी चेन. पाचशे ते हजार किलोमीटरला ती साफ करून ९० नंबरचे गिअर ऑइल लावावे. गॅरेजमधील जळके ऑइल फुकट मिळते, पण त्यात लोखंडाचा कीस असतो आणि तो चेन खातो. चेन फार सैल नको, तशी फार ताठही नको. माल लादल्यावर ताठ चेन बेअरिंग ओढते. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेट बदलावेत.

तिसरी हवा. सकाळी टायर थंड असताना भरावी. मागे वजन असेल तेव्हा मागच्या टायरला जास्त हवा लागते. दोन्ही आकडे पुस्तिकेत दिलेले असतात. कमी हवेने पेट्रोलही जाते आणि टायरही.

चौथे ब्रेक, क्लचची केबल आणि दिवे. आणि दर सर्व्हिसला एअर फिल्टर. भिवंडी, मालेगावसारख्या यंत्रमागाच्या गावांत कापसाचे तंतू उडतात, गादी-कापसाच्या दुकानांतही तेच, तेथे तो लवकर तुंबतो. प्रत्येक कामाची तारीख आणि मीटरचा आकडा वहीत लिहावा. पाच वर्षांनी गाडी विकताना ही वही दाखविणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात.

मिस्त्री बांधवांना एक शब्द

या पानाच्या वाचकांत गॅरेजवाले पुष्कळ आहेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. केवळ कानाने आणि पेचकसाने चालणारे काम आता पुरत नाही. स्कॅनर आणि मीटर वापरावयास शिकले नाही तर येत्या काही वर्षांत गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे जाईल. दोन-तीन गॅरेजवाल्यांनी मिळून एक स्कॅनर घेणे अवघड नाही. दुसरे असे की बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाच्या हातात द्यावा आणि बिल लिहून द्यावे. एवढ्याने जो विश्वास मिळतो, तो जाहिरातीने मिळत नाही.

घरासाठी

शेवटी, ज्या डोक्यावर घर चालते त्या डोक्याचा विचार. आयएसआय खुणेचे हेल्मेट हा गाडीच्या किमतीचाच भाग समजावा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे सहाव्या वर्षी तो संपला हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. विमा नसताना अपघात झाला तर समोरच्याची भरपाई आपल्या घरादारावर येते. आणि थर्ड पार्टी विमा समोरच्यासाठी असतो, चालविणाऱ्या मालकासाठी नसतो. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो. तो चालू आहे का, हे आजच पॉलिसी काढून पाहावे. थोड्या पैशांसाठी तो गाळू नये.

दुकानातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती "जरा माल देऊन ये" म्हणून किल्ली देण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणीही बारा महिने रद्द होते. कायद्याचे एक वेळ बाजूला ठेवू. मूल आपले आहे.

त्या बांगडीवाल्या बांधवांनी पुढे ती मोठी गाडी विकली, उरलेले कर्ज फेडले आणि वापरलेली १०० सीसी रोखीने घेतली. आता त्यांच्या गल्ल्याशेजारी बिस्किटाचा एक रिकामा डबा असतो. गेल्या रमजानच्या आधी त्यांनी पुन्हा रोखीने माल उचलला. गाडी साधी आहे, पण बाजारात ती वेळेवर पोहोचते. आपणही आज रात्री दुकान बंद करताना मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि उद्यापासून डबा सुरू करावा.